पी-३० आणि बाल्साच्या वजनाचा हिशेब

१४ जून २०२५, शनिवार

पी-३० चा प्लॅन आज टेबलावर चिकटवला, वरून पारदर्शक प्लॅस्टिक. रबरावर उडणारं विमान. रेडिओ नाही, मोटर नाही. नियम थोडकेच आहेत. पंखांचा पसारा आणि एकूण लांबी दोन्ही ३० इंचांच्या आत. रबर सोडून विमानाचं वजन किमान ४० ग्रॅम, रबर जास्तीत जास्त १० ग्रॅम. प्रॉपेलर बाजारात मिळणारा प्लॅस्टिकचा, साडेनऊ इंचांपर्यंत.

रबर १० ग्रॅमच्या वर नेता येत नाही, म्हणजे ताकद ठरलेली. मग विमान ४० च्या वर जितकं जाईल तितकी उंची कमी. प्रॉपेलर आणि नोजब्लॉक (नाकाचा ठोकळा) मिळून माझ्याकडे ११.२ ग्रॅम आत्ताच भरतात. उरलेल्या २९ ग्रॅममध्ये पंख, फ्यूजलाज (धड), शेपूट, वरून मढवायचा पातळ टिश्यू कागद, गोंद, ठरावीक वेळानं विमान खाली उतरवणारा टायमर, सगळं बसवायचंय. म्हणून या वेळी लाकूड, म्हणजे हलक्या बाल्साच्या शीट, जाडीवर नाही, वजनावर घ्यायचं.

प्लॅनवर कडेला लाकडाची घनता जुन्या पद्धतीनं पौंड प्रति घनफुटात लिहिलीय: शेपटीला ५ ते ६, स्पारला (पंखाच्या लांबीभर जाणारी मुख्य पट्टी) १० ते ११. पौंडाला ०.०१६ नं गुणलं की ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर मिळतात. म्हणजे शेपटीला ०.०८ ते ०.०९६ आणि स्पारला ०.१६ ते ०.१७६. पुढे सगळीकडे हेच एकक वापरतोय.

१७ जून, मंगळवार

ऑनलाइन विकणाऱ्यांना मेसेज टाकले. प्रश्न एकच: "१.५ मिमीची, १०० मिमी रुंद, १ मीटर लांब शीट किती ग्रॅमची आहे?" उत्तरं अशी: "एकदम ए-वन क्वालिटी आहे सर." "ए ग्रेड आहे." "बाल्सा हलकंच असतं." ग्रॅम कुणीच सांगेना. एकानं तर "सगळ्यांचं वजन सारखंच असतं" असं ठासून सांगितलं.

सारखं नसतं, आणि थोडंथोडकंही वेगळं नसतं. बाल्साचं झाड झपाट्यानं वाढतं, पाच-सात वर्षांत तोडायला येतं. बुंध्याच्या गाभ्याजवळचं लाकूड हलकं, बाहेरचं जड. जमीन, पाऊस, झाडाचं वय यांनी आणखी फरक पडतो. त्यामुळे बाजारात ०.१० पासून ०.२० पर्यंतचं लाकूड सर्रास येतं, म्हणजे थेट दुप्पट. ०.१० च्या खालचं मुळात कमी, आणि ज्याला ते कळतं तो आधीच उचलून ठेवतो.

विक्रेत्यांवर राग नाही. आपल्याकडे बाल्साचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे आर्किटेक्चरची मुलं. त्यांना इमारतीची मॉडेलं कापायची असतात, कड स्वच्छ निघायला हवी असते. जरा घट्ट लाकूड त्यांना उलट सोयीचं. त्यांनी कधी ग्रॅम विचारलेच नाहीत, तर दुकानदार तरी कशाला मोजेल.

शेवटी एक जण तयार झाला. म्हणाला, दहा शीट घेत असाल तर काट्यावर ठेवून फोटो पाठवतो. पाठवलेही. ऑर्डर दिली.

२२ जून, रविवार

नेरुळच्या काकांकडे गेलो. ठाण्याहून ट्रान्स हार्बरनं सरळ नेरुळ. काकांनी कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये असताना अशी विमानं करणं सुरू केलं आणि अजून सोडलेलं नाही. पलंगाखालून त्यांनी एक लांब खोका ओढला. प्रत्येक शीटच्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं वजन, घनता आणि एक अक्षर: ए, बी किंवा सी.

"काका, हे ए म्हणजे ग्रेड का?"

"अरे ग्रेड दुकानदाराची. ही ग्रेनची खूण आहे."

ग्रेन म्हणजे लाकडातल्या रेषांची ठेवण. मग बराच वेळ तेच झालं. शीटचं टोक खिडकीकडे धरून बघायचं. टोकावरच्या वाढीच्या रेषा शीटच्या पृष्ठभागाला समांतर असतील तर ए ग्रेन. ही शीट आडवी सहज वळते, नळी करता येते, पंखाच्या पुढच्या गोलाईवर चढवता येते. रेषा पृष्ठभागाला काटकोनात असतील तर सी ग्रेन. हिच्या पृष्ठभागावर मधूनमधून चमकणारे ठिपके दिसतात, एकदा पाहिले की पुन्हा चुकत नाहीत. ही आडवी वळत नाही, वळवली तर तडकते. पण सपाट राहते, पीळ घेत नाही, म्हणून रिब (पंखाला आकार देणाऱ्या पातळ फासळ्या) आणि शेपटीसाठी हीच. बी ग्रेन मधलं, बाकी सगळीकडे चालतं.

काकांनी दोन शीट हातात दिल्या. दोन्ही १.५ मिमीच्या, दोन्हींवर १८ ग्रॅम लिहिलेलं. एक आडवी धरून दाबली तर कागदी पुठ्ठ्यागत वाकली. दुसरी हललीसुद्धा नाही. वजन तेच, लाकूडही तेच, नुसता करवतीचा कोन वेगळा. फक्त वजन विचारून ऑर्डर देणाऱ्याला अर्धीच माहिती मिळते, हे तिथे बसल्या बसल्या लक्षात आलं.

आणखी एक गोष्ट काकांनी वहीत लिहायला लावली. त्याच वजनाच्या दोन पट्ट्यांत जी जाड आणि हलकी ती वाकायला जास्त ताठ असते. बारीक आणि जड पट्टी तिच्यापुढे लवते. पण जाड-हलक्या पट्टीत नख रुततं, चिमटीत चेपते. म्हणून जिथे रबराचा ताण, हाताची पकड किंवा जमिनीचा मार बसतो तिथे जड लाकूड, आणि जिथे फक्त आकार टिकवायचा तिथे हलकं.

"जड शीट आली म्हणून परत पाठवू नकोस," काका म्हणाले. "तिची जागा शोध."

२८ जून, शनिवार

पार्सल आलं. जाड पुठ्ठ्याची नळी नसल्यामुळे एका बाजूचे कोपरे चेपलेत. त्यातून छोटे भाग निघतील.

वजनाला सोनाराचा खिशातला काटा, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. मीटरभर शीट त्याच्या इवल्या ताटलीवर राहत नाही. काट्यावर रिकामं प्लॅस्टिकचं भांडं ठेवून शून्य करायचं, शीट त्यावर मधोमध आडवी तोलायची, पंखा बंद. भाची आलीय सुट्टीला, ती आकडे लिहून घेत होती.

१.५ मिमीच्या शीटचं घनफळ १५० घनसेंटिमीटर, तेव्हा ग्रॅमला १५० नं भागलं की झालं. १ मिमीला १००, ३ मिमीला ३००. भागाकार तोंडी करता येतो, हा मेट्रिक शीटचा मोठा फायदा.

१७.२ ग्रॅम, म्हणजे ०.११५. छान. २४.६, म्हणजे ०.१६४, स्पारसाठी. ३१.०, म्हणजे ०.२०७; ही नोजकडे. ३ मिमीच्या दोनांत एक २७ ग्रॅमची निघाली, ०.०९! ठिपकेदार सी ग्रेन. ही शेपटीची. दुसरी ५१ ग्रॅम, ०.१७, सरळ रेषांची; लाँजरॉन, म्हणजे धडाच्या लांबीभर जाणाऱ्या पट्ट्या, हिच्यातून.

मग दोन शीटनी घोळ घातला. एक २२.१ ग्रॅमची, दुसरी १९.९ ची. साहजिकच दुसरी हलकी वाटते. जाडी मोजायचा व्हर्नियर लावला तर पहिली १.७ मिमी जाड, दुसरी १.३५. पहिलीचं घनफळ १७०, घनता ०.१३. दुसरीचं १३५, घनता ०.१४७. म्हणजे जड दिसणारी शीट हलक्या लाकडाची आणि हलकी दिसणारी जड लाकडाची. सँडिंग करून १.५ वर आणली की पहिली आपली. इथून पुढे जाडी तीन ठिकाणी मोजल्याशिवाय वजनावर विश्वास नाही. विक्रेत्यानं पाठवलेले फोटो खरे होते, फक्त निम्मं सांगत होते.

शीटच्या दोन कडांतही फरक असतो. २४.६ वालीच्या दोन्ही कडांच्या सारख्या रुंदीच्या पट्ट्या कापून तोलल्या: एक १.१९, दुसरी १.४०. जड कड खालच्या स्पारला ठेवली.

"मामा, एवढ्या पोकळ लाकडाचं खरं विमान कुणी केलंय का?" भाचीचा प्रश्न. केलंय. दुसऱ्या महायुद्धातलं द हॅविलँड मॉस्किटो. बर्चच्या प्लायच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्सा भरून त्याचं धड बनवलं होतं, आणि ते त्या काळातल्या सगळ्यात वेगवान विमानांपैकी होतं. तिचा विश्वास बसेना, फोनवर फोटो दाखवावे लागले.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी. सकाळपासून धो धो. सहज म्हणून १७.२ वाली शीट पुन्हा काट्यावर ठेवली. १८.४.

काट्याचा दोष नाही, हवेचा आहे. पार्सल सीलबंद पॉलिथिनमध्ये होतं, मी शीट आठवडाभर बाहेरच्या खोलीत उघड्या ठेवल्या. लाकूड हवेच्या दमटपणाप्रमाणे पाणी धरतं. पन्नास टक्के आर्द्रतेत लाकडातलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या नऊ-दहा टक्क्यांवर स्थिरावतं. पावसाळ्यात नव्वदीकडे गेलं की अठरा-वीसवर. ठाण्यात जुलैत दुसरं काय होणार. जी शीट ०.११५ म्हणून घेतली ती ०.१२३ झाली, नुसत्या पाण्यानं.

यावर उपाय साधाच. जुन्या लांब खोक्याला आतून पॉलिथिन, तळाला सिलिका जेलच्या पिशव्या, झाकणाला चिकटपट्टी. रंग बदलणारं जेल घेतलं, म्हणजे कधी तव्यावर भाजून पुन्हा कोरडं करायचं ते कळतं. भाजताना घरातून जरा कुरकुर ऐकू आली, तवा वेगळा ठेवावा लागणार.

१३ जुलै, रविवार

खोक्यातली शीट आता १६.९ ग्रॅम. याच अवस्थेतली वजनं खरी धरायची आणि भागही खोक्यातून काढून लगेच जोडायचे. दमट लाकडाची चौकट चिकटवली तर पुढे सुकताना आडवं आकसतं आणि शेपटीला पीळ पडतो.

आज लाँजरॉन. ५१ ग्रॅमच्या शीटमधून शेजारशेजारच्या पट्ट्या, ३ मिमी चौरस. नवीन ब्लेड, स्टीलची पट्टी, एका झटक्यात न कापता हलक्या हातानं दोनतीनदा. चार हव्यात, पण जास्तच कापल्या, कारण जोड्या लावायच्यात. प्रत्येक पट्टी टेबलाच्या कडेबाहेर ३० सेमी काढून धरली, टोकाला दोऱ्यानं पाच रुपयांचं नाणं लटकवलं, मागे उभ्या केलेल्या पट्टीवर टोक किती खाली आलं ते वाचलं. एकाच शीटमधल्या, एकमेकींना लागून असलेल्या पट्ट्या, तरी कडेची एक बरीच जास्त लवली. ती बाजूला. सारख्या लवणाऱ्या दोन डावी-उजवी वर, दोन खाली. डावीकडची पट्टी ताठ आणि उजवीकडची नरम असली की फ्यूजलाज टोकाला ओढताना एका बाजूला वाकतं आणि मग कितीही ट्रिम करा, विमान तिरकंच जातं.

१९ जुलै, शनिवार

१ मिमीच्या रिबसाठी एक शीट कमी पडतेय. ऑनलाइन मागवायचं तर एका शीटला कुरिअरचा खर्च लाकडापेक्षा जास्त. बेलापूरला काम होतंच, तिथल्या कॉलेजजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात शिरलो. पुठ्ठे, सनबोर्ड, ड्राफ्टिंगचं सामान आणि कोपऱ्यात उभा गठ्ठा, बाल्सा. खिशातून काटा काढला तसं दुकानदारानं पाहिलं.

"वजन कशाला करताय? भाजी आहे का ती?"

कारण सांगितलं. मग त्याला गंमत वाटली, सगळा गठ्ठाच काउंटरवर आणून ठेवला आणि गिऱ्हाईक नव्हतं तोवर स्वतःच शीट देत राहिला. दुकानात उभ्यानं निवडायचं तर माझा क्रम असा ठरला: आधी डोळा शीटच्या कडेला लावून बाक बघायचा. मग टोक उजेडाकडे, ग्रेन. मग रंग, तपकिरी पट्टे किंवा काळपट रेषा असलेली शीट बहुधा जड भरते. टाचणीएवढी भोकं असतील तर सोडायची. एवढ्यातून उरलेल्याच काट्यावर. पांढऱ्याशुभ्र दिसणाऱ्या दोन शीट १४ आणि १५ च्या निघाल्या, तेव्हा रंगावर एकटं विसंबू नये. एक सी ग्रेनची १०.४ ग्रॅम, म्हणजे ०.१०४. तीच हवी होती. भाव सगळ्यांचा एकच, हलकी असो वा जड! वजनावर विकत नाहीत याचं मला त्या क्षणी अजिबात वाईट वाटलं नाही.

भाव का वाढले यावर बोलणं झालं. दुकानदार म्हणाला, मध्ये काही काळ मालच येत नव्हता. ते खरं आहे, कारण पवनचक्की. पवनचक्कीच्या लांबलचक पात्यांच्या गाभ्यात बाल्सा घालतात, फायबरच्या दोन थरांमध्ये. २०१९-२० च्या सुमारास, विशेषतः चीनमधून, मागणी एकदम वाढली. जगातलं बहुतेक बाल्सा इक्वेडोरमधून येतं. तिथलं लाकूड पात्यांकडे वळलं, भाव चढले आणि छंदवाल्यांना उरलंसुरलं मिळायला लागलं. पुढे पात्यांत पीईटी फोम वापरायला लागले तेव्हा कुठे हात सैल झाला.

परत येताना गाडीत एकानं शीट बघून विचारलं, थर्माकोल का? दुसऱ्यानं सुचवलं की पांगारा वापरा, सावंतवाडीची खेळणी त्याचीच करतात. सूचना चांगली आहे. पांगारा हलका असतो, पण बाल्साच्या जवळपास येत नाही. नात्यानं बघायचं तर आपल्याकडे बाल्साची भावकी म्हणजे काटेसावर. येऊरला फेब्रुवारीत लाल फुलांनी लगडते ती. बाल्साच्या शेंगेतही तसाच कापूस असतो. काटेसावरीच्या लाकडाच्या आगकाड्या होतात, विमान होत नाही.

३ ऑगस्ट, रविवार

रिब कापून झाल्या. दोन प्लायच्या टेम्प्लेटमध्ये चळत दाबून, पॉलिश पेपरनं एकदम घासून. सगळ्या मिळून १.३ ग्रॅम.

शेपटीची चौकट ०.०९ च्या शीटमधून. गोंद पातळ केलेला फेविकॉल, टूथपिकच्या टोकानं, सांध्याबाहेर आलेला लगेच पुसून. लाकडात वाचवलेलं वजन गोंदात घालवायचं नाही. वजन १.७ ग्रॅम. हीच चौकट ०.१७ च्या लाकडात केली असती तर ३.२ भरली असती. दीड ग्रॅमचा फरक, पण तो तिथेच थांबत नाही. या विमानात शेपूट गुरुत्वमध्याच्या ४२ सेमी मागे आहे आणि नाक २८ सेमी पुढे. मागे वाढलेल्या प्रत्येक ग्रॅमला तोल साधायला पुढे दीड ग्रॅम माती लावावी लागते. म्हणजे दीड ग्रॅमचे नाकात सव्वादोन आणि एकूण पावणेचार. २९ ग्रॅमच्या बजेटमधले पावणेचार, तेही विमानाला काडीचा उपयोग नसलेले. नऊ शीट कशाही आल्या असत्या तरी चाललं असतं, शेपटीची एक शीट मात्र हलकीच हवी.

१६ ऑगस्ट, शनिवार

दहीहंडी. टेंभी नाक्याकडून आवाज इतका की खिडक्या थरथरतायत. टिश्यू लावला. वर एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) क्लिअर लॅकर पातळ करून मारायचं होतं, पण या हवेत ते पांढरं पडतं. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. कोरडा दिवस मिळेपर्यंत थांबलो.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन, आज शांतता. लॅकर मधल्या एका उघडिपीत उरकलं होतं. सगळे भाग खोक्यातून काढून तोलले.

प्रॉपेलर आणि नोज ११.२. फ्यूजलाज १३.१. पंख १०.९. शेपूट आणि उभा पंख २.६. टायमर आणि बाकी सटरफटर १.७. एकूण ३९.५ ग्रॅम.

नियमाला अर्धा ग्रॅम कमी. तोल बघितला तर नाकाला ०.७ ग्रॅम माती लागलीच, ४०.२ झाले. फ्यूजलाज ठरवलं होतं त्यापेक्षा जड आहे, कारण ०.१७ ची लाँजरॉन मुद्दाम ठेवली. गुंडाळलेलं रबर आत तुटलं तर हलक्या लाकडाचा भुगा होतो. तिथे वजन कमी करायची मला घाई नाही.

उरलेल्या शीटवर पेन्सिलीनं वजन, जाडी, ग्रेन लिहून खोक्यात परत. सोसायटीच्या पोडियमवर हातानं सोडून बघितलं, सरळ जातंय, किंचित डावीकडे. रबर गुंडाळून उडवायला मोकळं मैदान आणि वारा पडलेली सकाळ हवी, ते पाऊस हटल्यावर.

पुढच्या विमानासाठी त्याच विक्रेत्याला मेसेज: "३ मिमी दोन शीट, प्रत्येकी ३० ग्रॅमच्या आत, पृष्ठभागावर ठिपके असलेल्या. १.५ मिमी तीन, १७ ते २० ग्रॅम. काट्यावरच्या फोटोसोबत टोकाचा फोटो आणि व्हर्नियरचा आकडाही पाठवा. नळीत पॅक करा, नळीचे पैसे वेगळे देतो." संध्याकाळी उत्तर आलं: "व्हर्नियर घ्यावा लागेल सर. बुधवारी सांगतो."